जुन्या गाडीची नवी चावी : घरी काय करावे, काय करू नये



हंगामात काट्यासमोर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग आपण नेहमीच पाहतो. पण वार्षिक सभेच्या दिवशी आवारात मोटारींनाही जागा पुरत नाही. त्यांतल्या निम्म्याअधिक जुन्या असतात. कुणी पुण्याच्या पाव्हण्याकडून घेतलेली, कुणी उसाच्या बिलातून थोडे थोडे बाजूला टाकून घेतलेली. गाडी झकास चालते, पण चावीची दशा बघवत नाही. बटनाचे रबर फाटलेले, कव्हराला चिकटपट्टी, कडी तुटलेली. कंपनीची नवी चावी विचारावी तर किंमत ऐकून माणूस पायरीवरूनच परत फिरतो. म्हणून हा विषय घेतला आहे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली. ती चावी म्हणजे नुसता धातूचा तुकडा. झिजली तर बाजारातला किल्लीवाला पाच मिनिटांत दुसरी घासून देई. आजची चावी तशी राहिलेली नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

चावीच्या पोटात काय असते?

आताच्या चावीत तीन वस्तू असतात. पहिली, पाते. ते कुलूप फिरवते. दुसरी, रिमोटची पट्टी. ती सेलवर चालते आणि लांबून दारे उघडते-लावते. तिसरी, चिप. ही तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी काचेची नळी असते, नाहीतर काळी चपटी वडी. काही गाड्यांत ती रिमोटच्या पट्टीवरच बसवलेली असते.

चिपला सेल लागत नाही. चावी घातली की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला शक्ती मिळते आणि ती आपली ओळख गाडीला सांगते. ओळख पटली तरच इंजिन चालू होते. म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी अशी गाडी पात्याने उघडून चालू करता येते. चोरी रोखण्यासाठी जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडेही पुढे पुष्कळ गाड्यांत ती आली.

रिमोटची गंमत वेगळी. चांगला रिमोट दर वेळी नवा आकडा पाठवतो. आपल्या तोडणीच्या चिठ्ठीसारखेच समजा. एकदा काट्यावर लागलेली चिठ्ठी दुसऱ्या खेपेला चालत नाही, तसा एकदा वापरलेला आकडा गाडी पुन्हा घेत नाही.

माझा झालेला घोटाळा

माझ्या तेरा वर्षांच्या गाडीच्या चावीचे कव्हर फुटले होते. बाजारातून दुमडत्या चावीचे नवे कव्हर आणले, पाते कापून घेतले आणि घरी येऊन रिमोटची पट्टी नव्या कव्हरात बसवली. बटन दाबले, दारे उघडली. मी खूश! जुने कव्हर केरात टाकून दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांना कराडला दवाखान्यात न्यायचे होते. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन काही पेटेना. बॅटरी पाहिली, डिझेल पाहिले, सगळे जागच्या जागी. वडील ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेले. शेवटी शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना नेले. संध्याकाळी वायरमन आला आणि पहिलाच प्रश्न त्याने विचारला, "अण्णा, जुनं कव्हर कुठाय?"

ते उकिरड्यावर गेले होते. मी आणि घरच्यांनी विजेरीच्या उजेडात उकिरडा उपसला, तेव्हा कव्हर सापडले. त्याच्या कोपऱ्यात काळी वडी तशीच चिकटलेली होती. ती नव्या कव्हरात बसवली आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. ती सापडली नसती तर नवी चिप आणि ती गाडीला ओळखीची करून देणे, असा दुहेरी खर्च होता. म्हणून सांगतो, नव्या चावीने इंजिन चालू होऊन पाच मिनिटे चालल्याशिवाय जुने कव्हर टाकू नका.

घरी करण्याजोगी कामे

सेल बदलणे : रिमोट अगदी जवळ आल्यावरच चालू लागला, तर सेल संपत आला असे समजावे. कव्हराच्या खाचेत चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून हलक्या हाताने उघडावे. सेलवरचा नंबर बघून तोच आणावा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण पातळ असतो. त्याची अदलाबदल करू नये. अधिक खुणेची बाजू पूर्वी होती तशीच ठेवावी.

साफसफाई : रात्रीच्या विजेवर पाणी पाजायला गेल्यावर चावी खिशातून पाटात पडते, हे आपल्याला नवीन नाही. अशा वेळी सेल ताबडतोब काढावा. पट्टी कोरड्या सुती कापडाने टिपून सावलीत एक-दोन दिवस वाळू द्यावी. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. सेल जिथे टेकतो तो पत्रा काळा पडला असेल तर खोडरबराने हलकेच घासावा.

कव्हर बदलणे : बटनांची संख्या आणि पात्याची खाच जुन्या चावीशी ताडून पाहूनच कव्हर घ्यावे. पाते कापून घेताना झिजलेली चावी नमुना म्हणून देऊ नये. कपाटातली कमी वापरलेली दुसरी चावी द्यावी, नाहीतर झिजेची नक्कल होते. चिप काढताना कव्हर थोडे थोडे कापावे. काचेची नळी दाबली तर फुटते. नव्या कव्हरात ती पूर्वीच्याच जागी बसवावी.

ज्या गाडीला रिमोटच नाही

जुनी ८००, ओम्नी किंवा जीप असेल तर सेंट्रल लॉकचे किट बसवता येते. ड्रायव्हरच्या दारातील मोटारीला साधारणपणे पाच तारा असतात, बाकीच्यांना दोन. विजेच्या कामाचा हात असेल तरच अंगावर घ्यावे. आधी बॅटरीची ऋण तार सोडावी. मोटार बसवण्यापूर्वी काच पूर्ण वर-खाली करून ती कुठे अडत नाही ना, हे पाहावे. फ्यूज वगळून जोडणी कधीही करू नये. दाराच्या बिजागरीपाशी तार रबरी नळीतूनच न्यावी, नाहीतर ती घासून उघडी पडते आणि पेट घेण्याचा धोका असतो. पहिली चाचणी काच खाली ठेवून घ्यावी, म्हणजे चावी आत आणि आपण बाहेर अशी पाळी येत नाही.

स्वस्तातल्या काही किटांचा आकडा कायम एकच असतो. दर वेळी आकडा बदलणारे किट मागून घ्यावे. शिवाय हे किट फक्त दारे लावते. इंजिनाला त्याचे कुलूप लागत नाही, म्हणून गिअरचे कुलूप हवेच.

दुसरी चावी

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अशा वेळी एकाच कपाटात ठेवलेल्या दोन्ही चाव्या एकदमच भिजतात. दुसरी चावी वेगळ्या, उंच जागी किंवा भावाच्या घरी ठेवावी. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवली असेल तर वेळीच पोलिसांत नोंद करून विमा कंपनीला लेखी कळवावे. मूळ पातेही जपून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे

काढलेला सेल कट्ट्यावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत भाजल्यासारखी जखम होते. मूल रडत नसले तरी थांबू नये. उलटी करवू नये. एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्यावे. संपलेल्या सेलच्याही दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.

गळीत संपले की एखादी दुपार मोकळी मिळते. त्या दुपारी आपल्या गाडीच्या दोन्ही चाव्या काढून बघाव्यात. दुसरी सापडत नसेल तर तिचा शोध त्याच दिवशी सुरू करावा, ही सर्व सभासदांना विनंती.