सिलेन : हवेत पेटणारा, सौर पॅनेल घडवणारा

आवर्तसारणीत सिलिकॉन हे मूलद्रव्य कार्बनच्या थेट खाली येते. दोघांचेही अणू चार बंध जोडतात. एका कार्बनला चार हायड्रोजन जोडले की मिथेन होतो. तसेच सिलिकॉनचे केले की सिलेन. रचना सारखी, स्वभाव मात्र उलट. स्वयंपाकघरात पाइपने येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो आणि त्याला पेटायला ठिणगी लागते. सिलेन हवेशी संपर्क येताच आपोआप पेटू शकतो.

याचे कारण बंधांत आहे. सिलिकॉन-हायड्रोजन बंध कार्बन-हायड्रोजन बंधापेक्षा कमकुवत असतो, तर सिलिकॉन-ऑक्सिजन बंध फार भक्कम. त्यामुळे ऑक्सिजन मिळाला की सिलिकॉन हायड्रोजनची साथ सोडतो. उरते ती सिलिकाची पांढरी पूड, म्हणजे रासायनिकदृष्ट्या वाळूच. कार्बनसारख्या लांब साखळ्याही सिलिकॉन-हायड्रोजन संयुगांत टिकत नाहीत. साखळी वाढते तसा अस्थिरपणा वाढतो.

फ्रीडरिश व्होलर आणि हाइनरिश बुफ यांनी १८५७ मध्ये सिलेन शोधला. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड स्टॉक यांनी काचेच्या निर्वात उपकरणांत, हवा लागू न देता, या संयुगांचा अभ्यास केला. त्या उपकरणांतील पाऱ्याची विषबाधा त्यांना झाली. १९२६ मध्ये त्यांनी या धोक्याचा जाहीर इशारा दिला.

हायड्रोजन सहज सोडण्याचा हाच गुण उद्योगाला हवा असतो. तापवल्यावर सिलेनचे विघटन होऊन शुद्ध सिलिकॉनचा थर बसतो. चिप आणि पडदे बनवताना हे तंत्र वापरतात. सौर घटांचा निळसर रंग सिलिकॉन नायट्राइडच्या थरामुळे येतो. सिलेन आणि अमोनियापासून बनणारा हा थर प्रकाश परावर्तित होऊन वाया जाऊ देत नाही. घटांसाठी लागणारे अतिशुद्ध सिलिकॉन मुख्यतः ट्रायक्लोरोसिलेन या भावंडापासून मिळते. ते सुमारे ३२ अंश सेल्सिअसला उकळत असल्याने ऊर्ध्वपातनाने शुद्ध करणे सोपे जाते.

गळती झाल्यावर सिलेन लगेच पेटला तर निदान आग दिसते. कधीकधी तो न पेटता साचतो आणि मग स्फोट होतो. हा धोका अधिक मोठा. म्हणून पुरवठा बंद केल्याशिवाय सिलेनची ज्योत विझवू नये, असा सुरक्षेचा नियम आहे.