टेबलावर उतरलेले शहर

१९१७ सालच्या दिवाळीत इंदुरात एक अजब मिरवणूक निघाली होती. शहराला प्लेगची धास्ती होती, आणि नगररचनेचा सल्ला देण्यासाठी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश गृहस्थांना बोलावून घेतले होते. गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. शहर सुधारण्यासाठी त्यांनी पहिले काय मागितले असेल, तर एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार. तो त्यांना मिळाला, आणि त्यांनी तो दिवाळीच्या मिरवणुकीवर खर्च केला.

ही हकीकत गेडिस यांनीच पुढे सांगितली आहे. मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नव्हती. ज्या मोहल्ल्यांतली घरे सर्वांत नीट झाडलेली, डागडुजी केलेली असतील, तेथून ती जाणार होती. झाले! आपल्या दारावरून हत्ती जावेत असे कोणाला वाटत नाही? घरांतून आणि अंगणांतून सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत लवाजमा होता, घोडेस्वार होते, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. आणि मागून स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले सफाई कामगार, फुलांनी सजवलेल्या आपल्या गाड्यांसह, मानाने चालले होते. पुढे होणाऱ्या शहराच्या प्रतिकृतीही त्यात होत्या. अखेरीस राक्षस आणि उंदीर जाळले गेले, तुळशीची रोपे वाटली गेली. प्लेग ओसरला, त्यात ऋतूचाही हात होता. परंतु एक सबंध शहर त्या आठवड्यात काही शिकले, हे नाकारता येणार नाही.

आज ज्याला ‘शाश्वत विकासाचे शिक्षण’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, संयुक्त राष्ट्रांनी ज्याच्यासाठी २००५ ते २०१४ हे दशक वाहिले, त्याचा एक धडा आपल्या राजवाड्याच्या परिसरात शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला. आता तेच शिक्षण फोनवरून आणि संगणकावरून द्यायचे म्हणतात. माझा त्याला विरोध नाही. जुनी माणसे यंत्राला नाक मुरडतात तसे मुरडण्याचा माझा विचार नाही, कारण गेडिससुद्धा यंत्रवालेच होते.

एडिंबरो शहरात त्यांचा ‘आउटलुक टॉवर’ होता. त्याच्या माथ्यावर, अंधाऱ्या खोलीत, आरसा आणि भिंगे अशी बसवलेली होती की बाहेरचे शहर, चालत्या माणसांसकट आणि धुरांड्यांच्या धुरासकट, एका पांढऱ्या टेबलावर उतरे. ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ म्हणतात तो हाच. बांधलेला दुसऱ्यांनी, पण १८९२ साली तो गेडिस यांच्या हाती आला आणि त्यांनी त्याची शाळा केली. पाहुण्याने आधी माथ्यावर चढायचे, शहर टेबलावर पाहायचे, आणि मग एकेक मजला उतरायचा: एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग युरोप, आणि सर्वांत खाली जग. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. जग शेवटी आहे.

आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा झाला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. २००३ साली पुन्हा बजावले. विषय आला, पुस्तक आले, परीक्षा आली. आता पुस्तकाच्या जागी पडदा आला आहे. आमच्या शेजारची सहावीतली नात परवा आपला ‘प्रकल्प’ दाखवायला घेऊन आली. संगणकावर बारा चित्रे: ध्रुवावरचे अस्वल, वितळणारा हिमनग, ॲमेझॉनचे जंगल, आणि शेवटी गुलाबाच्या फुलाखाली ‘धन्यवाद’. काम सुबक होते. मी सहज विचारले, “अगं, तुझ्या न्हाणीघरातलं पाणी जातं कुठे?”

ती म्हणाली, “आजोबा, ते गूगलवर असेल का?”

होते! निदान वाट तरी होती. आम्ही दोघांनी तिच्याच फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडला. घराच्या गल्लीपासून नाल्यापर्यंत बोट सरकवले, नाल्यापासून कान्ह नदीपर्यंत, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांशी तिला सरस्वती मिळते तेथवर. मग उत्तरेकडे सांवेरच्या बाजूने थेट उज्जैनपाशी, जिथे कान्ह क्षिप्रेत उतरते. मधे आता शुद्धीकरणाची केंद्रे आहेत, तीही दाखवली. पोरगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे आपलं पाणी आत्याकडे जातं?” तिची आत्या उज्जैनला असते. अस्वलांच्या बारा चित्रांनी जे झाले नव्हते, ते त्या एका रेषेने झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही उलटी वाट धरली, म्हणजे पाणी येते कुठून. जुन्या मंडळींना १९७० सालची नर्मदा आणण्याची चळवळ आठवत असेल. १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरात पोहोचले. ते मंडलेश्वराजवळ जलूद येथून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून येते. नकाशावर बोट ठेवले की त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची कळते, ही या फोनची मोठी सोय. नर्मदाकाठ दीडशे मीटरच्या आसपास, इंदूर साडेपाचशे. म्हणजे आपल्या तांब्यातले पाणी चारशे मीटरचा घाट चढून आलेले असते. अहिल्याबाईंच्या महेश्वराहून इंदूरला गाडीने येताना घाटात कानात दडे बसतात, तोच हा चढ. आता गणित मांडा: हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला, पंप आणि नळ यांतला सगळा व्यय सोडला तरी, एका युनिटहून थोडी अधिक वीज लागते. प्रत्यक्षात बरीच जास्त. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी वाहून गेली की हे युनिटही वाहून जाते. महापालिकेने २०२३ साली २४४ कोटींचे हरित रोखे काढले ते जलूद येथील सौर वीजप्रकल्पासाठीच. ही बातमी तेव्हा मोठ्यांच्या पानावर छापून आली. मुलांच्या गणिताच्या पुस्तकात ती यायला काय हरकत होती?

याच शहरात यंत्र कामाला लावल्याचे आणखी एक उदाहरण आहे, आणि ते मराठी माणसाचे आहे. धार रस्त्यावरचा सिरपूर तलाव होळकरांच्या काळचा. तो अतिक्रमणांनी आणि सांडपाण्याने जाण्याच्या बेतात होता, तेव्हा चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो धरून ठेवला. मोंढे यांचे हत्यार कॅमेरा. तलावावर कोणकोणते पक्षी येतात हे त्यांनी चित्रांतून लोकांपुढे मांडले, आणि ज्या जागेला लोक डबके समजत होते तिच्यात पाहुणे येतात असे दिसले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२२ साली सिरपूर आणि यशवंतसागर ही दोन्ही ठिकाणे रामसर यादीत गेली. २०२५ च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही रामसरची ‘पाणथळ नगरे’ ठरणारी भारतातली पहिली शहरे झाली. आज ‘ई-बर्ड’ या नोंदवहीत कुठलाही विद्यार्थी सिरपूरच्या काठावर उभा राहून पाहिलेला पक्षी, वेळ आणि संख्या टाकू शकतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली सुरू केलेली ही वही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. आमच्या पिढीचा निबंध मास्तरांच्या कपाटात वाळवीला मिळे. या मुलाची नोंद जगाच्या कामी येते. मला त्याचा किंचित हेवा वाटतो.

महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पुस्तकांत छापलेल्या क्यूआर चौकटींमुळे, असे सगळ्यांना ठाऊक आहे. ती चौकट फोनला दाखवली की धडा बोलू लागतो. पण पुरस्काराच्या वेळी त्यांच्या आणखी एका कामाचा उल्लेख झाला होता, तो आपण विसरलो: त्या अवर्षणी भागात दहा वर्षांत गावाभोवतीची हिरवी जमीन पंचवीस टक्क्यांवरून तेहतीस टक्क्यांवर गेली. फोन आणि फावडे एकाच शाळेत होते. आपण फोनची बातमी वाचली.

फोनचा दोष सांगायचा तर तो एवढाच नव्हे की मुले त्यात गुंततात. तो दोन-चार वर्षांत मोडीत निघतो, आणि मग स्वतःच कचरा होतो. आपल्या कचरागाडीला इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. गाडीचे गाणे पाठ असलेल्या किती घरांनी त्यात काही टाकले आहे, कोण जाणे. शिवाय घरात एकच फोन असेल तर तो आधी मुलाच्या हाती जातो, मुलीच्या नाही. असो.

आता नाजूक गोष्ट. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षे इंदूर देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले. त्याचा अभिमान मलाही आहे. साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून रोज वायू तयार करू शकणारा देवगुराडियाचा कारखाना मी पाहुण्यांना मुद्दाम सांगतो. आणि याच शहरात २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसे दगावली. पाण्याला वास येतो, असे तिथले लोक आधीपासून सांगत होते. स्वच्छतेचे गुणपत्रक ज्यांच्या भिंतीवर टांगलेले, त्या आपल्या मुलांना आपण रस्ता झाडायला शिकवले; रस्त्याखालून काय वाहते ते विचारायला शिकवले नाही.

यावर एक साधन आहे, आणि ते परदेशी नाही. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. छोट्या निर्जंतुक बाटलीत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते. पिण्याचे पाणी भरायचे, उबेला ठेवायचे, आणि एका दिवसात पाणी काळे पडले तर त्यात मैला मिसळल्याची शंका धरायची. पुढे ती खेडोपाडी आणि परदेशांतही वापरली गेली. बाटली उघडायची आणि नंतर जंतुनाशक घालून नष्ट करायची ती शिक्षकांनी, मुलांनी नाही; हा दंडक पाळलाच पाहिजे. पण बाटली भरणे, तारीख लिहिणे, तिचे छायाचित्र घेणे आणि नकाशावर आपल्या गल्लीपाशी ठिपका ठेवणे हे आठवीतला कुठलाही वर्ग करील. पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा. एका गल्लीत दोन-तीन काळे ठिपके दिसले की तोच नकाशा मुख्याध्यापकांच्या सहीने महापालिकेच्या ३११ या ॲपवर तक्रार म्हणून जावा. तक्रारीचा क्रमांक मुलांनी फळ्यावर लिहून ठेवावा, आणि उत्तर येईपर्यंत पुसू नये.

गेडिस यांनी दरबाराला सादर केलेला अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. त्यात त्यांनी नदीकाठाविषयी आणि शहराच्या सांडपाण्याविषयी पानेच्या पाने लिहिली आहेत. नदी ही गटाराची नव्हे, बागेची जागा, असा त्यांचा आग्रह होता. तो अहवाल आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. शेजारच्या नातीला मी तो उघडून दिला आहे. इंग्रजी तिला जड जाते, म्हणून आम्ही आधी नकाशेच पाहतो. त्यातली कान्ह आणि उपग्रहातली कान्ह शेजारी ठेवून ती पेन्सिलीने दोन्हींचे काठ गिरवते आहे. कुठे पात्र अरुंद झाले, कुठे झाडे होती तिथे घरे आली, त्यावर लाल खुणा करते. जुन्या इंदूरपर्यंत आली आहे. छत्र्यांपुढचा भाग या सुट्टीत होईल.