दुखणं टाचेत, आजार मणक्यात

दहा-बारा वर्षांचा मुलगा सकाळी टाच टेकवत नाही, पण दुपारी मैदानावर पळतो. ‘हाडं वाढतायत,’ असं म्हणून घरचे तेल चोळतात. गुडघा सुजला, तर खेळताना लागलं असेल. पाठ दुखत नसते, त्यामुळे मणक्याची शंकाही येत नाही. मुलांमधल्या मणक्याच्या संधिवाताची गेली पन्नास वर्षं पाहताना वाटतं, औषधं नव्हती त्याहून जास्त नुकसान या समजुतीने केलं.

१९७३मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी मणक्याच्या संधिवाताचं एचएलए-बी२७ या आनुवंशिक घटकाशी नातं दाखवलं. दुवा भक्कम होता, पण हा घटक असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही; नुसत्या रक्ताच्या रिपोर्टने आईबापांनी धास्तावू नये. मला १९८२ अधिक मोलाचं वाटतं. रोझेनबर्ग आणि पेटी या डॉक्टरांनी त्या वर्षी सांधेसुजेबरोबरच कंडरा हाडाला चिकटतात त्या जागा दुखणाऱ्या मुलांचं वर्णन केलं. टाच, तळपाय, गुडघ्याची वाटी. यांतल्या काहींचा आजार पुढे कमरेत आणि मणक्यात उतरतो. एक्स-रेवर ते दिसायला वर्षं जातात. एमआरआयमुळे माकडहाडाजवळच्या सांध्यांची सूज आता बरीच आधी कळते.

भारतातल्या मोठ्या केंद्रांच्या नोंदींत बालसंधिवाताचा हा प्रकार ठळकपणे दिसतो, मुलग्यांत विशेष. तरी पाय आधी हाडांच्या डॉक्टरकडेच वळतात. प्लास्टर, विश्रांती, आणि वेळ निघून जातो.

त्या गेलेल्या वेळेची किंमत खुबा मोजतो. लहानपणी सुरू झालेल्या आजारात तो मोठ्यांपेक्षा अधिक बिघडतो. ऐन तिशीच्या आत कृत्रिम खुबा बसवावा लागणं, मांडी घालून जेवायला न बसता येणं, हे या आजाराचं खरं दूरगामी रूप आहे. डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेना, तर तीही याच आजाराची खूण असू शकते.

२०००नंतर सूज भडकवणारं टीएनएफ हे प्रथिन रोखणारी इंजेक्शनं आली आणि चित्र पालटलं. २०१४मध्ये त्यांतल्या अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती बाजारात आल्यावर खर्च उतरला, तरी अनेक घरांना तो आजही झेपत नाही. आपल्याकडे ही इंजेक्शनं देण्याआधी सुप्त क्षयरोगाची तपासणी चुकवून चालत नाही. औषधाइतकाच रोजचा व्यायाम आणि पोहणं हवं. सांध्याची सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली, सकाळी अंग आखडत असलं, तर मुलाला संधिवाततज्ज्ञाकडेच न्यावं, खुबा अजून शाबूत असताना.