‘इतर’ रकान्यातला अपू

रविवारची सकाळ, बाहेर बर्फ आणि घरात उबदार पांघरूण. अशा वेळी चर्चला कोण जाणार? ‘द सिम्पसन्स’च्या १९९२ सालच्या ‘होमर द हेरेटिक’ या एपिसोडमध्ये होमर सरळ ठरवूनच टाकतो, आजपासून चर्च बंद! बायको-मुलं गारठलेल्या चर्चमध्ये कुडकुडतायत आणि हा पठ्ठ्या घरी चापून खातोय, नाचतोय, मॅच बघतोय. मग स्वप्नात साक्षात देव येतो. आधी भडकलेला असतो, पण होमरचं म्हणणं ऐकून त्यालाही थोडंफार पटतं!

आता तुम्ही म्हणाल, ही तर धर्माची टिंगल झाली. पण जरा नीट बघा, चिमटा नक्की कुणाला बसतोय? देवाला नाही. कंटाळवाणं प्रवचन देणारे रेव्हरंड लव्हजॉय आणि सोयीपुरता धर्म पाळणारा होमर, या दोघांना.

१९८९ पासून सुरू असलेली ही मालिका श्रद्धेकडे अनेकदा गंभीरपणेही बघते. होमरचा शेजारी नेड फ्लँडर्स म्हणजे बायबलमधला शब्द न् शब्द पाळणारा माणूस. १९९६च्या एका एपिसोडमध्ये वादळात नेमकं त्याचंच घर जमीनदोस्त होतं. मी सगळं नीट पाळलं, मग माझ्याच वाट्याला हे का, असा त्याचा प्रश्न. कार्टून बघता बघता आपण क्षणभर गप्प होतो. विदूषक क्रस्टी हा एका ज्यू रॅबीचा मुलगा, वडिलांनी नातं तोडलेला. त्यांच्या समेटाचा १९९१चा एपिसोड लिहिताना लेखकांनी खऱ्याखुऱ्या रॅबींचा सल्ला घेतला होता. पुढे २००९ मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानंही या मालिकेचं कौतुक केलं.

मग अपूचं काय? क्विक-ई-मार्ट हे दुकान चालवणारा अपू नहासपीमापेटिलन हिंदू आहे. त्याचं नाव सत्यजित राय यांच्या सिनेमातल्या अपूवरून घेतलेलं. ‘होमर द हेरेटिक’च्या शेवटी होमरच्या घराला आग लागते आणि त्याला वाचवायला नेड, क्रस्टी आणि अपू तिघेही धावतात. देवच या सगळ्यांच्या मनात होता, असं सांगताना लव्हजॉय ख्रिश्चन म्हणतात, ज्यू म्हणतात आणि अपूपाशी येऊन अडखळतात. त्याला ते थेट ‘इतर’ रकान्यात टाकतात! अपू चिडून सुनावतो, की आम्ही हिंदू सत्तर कोटी आहोत. इथे हसू येतं ते लव्हजॉय यांच्या अज्ञानावर. १९९७ मध्ये अपूचं लग्न मोडायला होमर गणपतीचा वेश करून येतो, तेव्हाही मूर्ख ठरतो तो होमरच.

म्हणजे कागदावर बघितलं तर अपूवर तसा अन्याय नाही. तरी २०१७ मध्ये भारतीय वंशाचा अमेरिकन कॉमेडियन हरी कोंडाबोलू यानं ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ ही डॉक्युमेंटरी काढली. त्याचा मुख्य आक्षेप होता आवाजाला. अपूचे ते हेल काढलेले उच्चार करत होता हँक अझारिया हा गोरा अभिनेता. अमेरिकेत वाढणाऱ्या देशी मुलांना शाळेत तेच उच्चार करून चिडवलं जायचं. २०२० मध्ये अझारियानं तो आवाज देणं थांबवलं आणि पुढच्या वर्षी जाहीर माफीही मागितली.

यावर ‘अरे, विनोदच आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ असं म्हणणारे पुष्कळ होते. नेडची चेष्टा चालते, मग अपूची का नाही? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर विनोदात नाही, पडद्यावरच्या गर्दीत आहे. नेडवर हसून झालं की चॅनल बदला, दहा वेगळे ख्रिश्चन भेटतील: डॉक्टर, वकील, हिरो, व्हिलन. नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन टीव्हीवर भारतीय माणूस म्हणून अपू जवळजवळ एकटा होता. एकट्यावर केलेला विनोद मग त्याचा एकट्याचा राहत नाही, सगळ्यांच्या नावावर चढतो.

धर्मावर विनोद नकोच, असं मुळीच नाही. आपल्याकडे कीर्तनकारसुद्धा भक्ताच्या ढोंगाला भर कीर्तनात टोले देतात आणि समोरचे खळखळून हसतात, कारण बोलणारा आपल्यातलाच असतो.

आता गॅदरिंगचा सीझन आला की स्किटची प्रॅक्टिस सुरू होईल. त्यात एखादा ‘अण्णा’ लुंगी सावरत येईल, एखादा ‘भैया’ पान चघळत. टाळ्या हमखास. फक्त स्क्रिप्ट फायनल करण्याआधी एवढं बघा, की त्या उच्चारात घरी बोलणारं कुणी आपल्या वर्गात आहे का. असेल तर त्याला प्रेक्षकांत बसवू नका, लिहायला बसवा. पंच कदाचित जास्त भारी बसेल.