रोजा, शुगर आणि पन्नास स्ट्रिप्सची डबी

रमजानमध्ये मधुमेही रोजेदाराच्या घरी सहेरीच्या दस्तरख्वानावर खजुरांच्या ताटलीशेजारी एक छोटी पिशवीही असते. तिच्यात ग्लुकोमीटर, सुया आणि स्ट्रिप्सची डबी. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब स्ट्रिपला लावला की काही सेकंदांत आकडा दिसतो आणि आजचा रोजा कसा सांभाळायचा हे ठरते. निदान ठरायला हवे. प्रत्यक्षात अनेक घरांत डबी उघडल्यावर आधी स्ट्रिप्स मोजल्या जातात. चारच उरल्या असतील, तर आजची तपासणी उद्यावर ढकलली जाते.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजेच आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यात रोजे ठेवणारे लाखो आहेत. २००१ मध्ये भारतासह १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींचा अभ्यास झाला होता. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे ठेवल्याचे त्यात आढळले. याच महिन्यात शुगर धोकादायकरीत्या उतरून रुग्णालय गाठावे लागण्याचे प्रमाण त्यांच्यात सुमारे साडेसात पट वाढले होते.

आजारी माणसावर इस्लामने रोजाची सक्ती केलेली नाही. कुरआनातील सूरह बकराच्या १८४ आणि १८५ क्रमांकाच्या आयतींमध्ये आजारी आणि प्रवासी यांना सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर पूर्ण करावेत आणि ज्याला ते कधीच शक्य नाही त्याने गरिबाला जेवू घालावे, म्हणजे फिदिया द्यावा, असा मार्ग त्यात दाखवला आहे. या सवलतीला रुखसत म्हणतात. तरीही वर्षानुवर्षे रोजे ठेवलेल्या माणसाला ती घेणे जड जाते. घरात सगळे रोजाने असताना आपण एकट्यानेच जेवायचे, हे मनाला पटत नाही. मग डॉक्टर आणि रुग्ण मधला मार्ग काढतात. गोळ्यांच्या वेळा बदलायच्या, इन्सुलिनचे प्रमाण ठरवून घ्यायचे आणि शुगर वारंवार तपासत रोजा ठेवायचा. हा मार्ग ‘वारंवार तपासत’ या दोन शब्दांवर उभा आहे.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि रमजानमधील मधुमेहावर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत याचे नियम दिले आहेत. शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तिथेच सोडायचा. मग इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी थांबायचे नाही. बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटत नाही, हेही तिथे स्पष्ट केले आहे. ज्यांना धोका जास्त आहे, विशेषतः जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या शुगर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी दिवसातून अनेकदा तपासणी करावी. सहेरीपूर्वी, सकाळी, दुपारी, इफ्तारपूर्वी, इफ्तारनंतर दोन तासांनी आणि घाम, थरथर किंवा चक्कर जाणवेल त्या क्षणी.

आता हिशेब मांडून पाहू. दिवसाला चारच तपासण्या धरल्या तरी तीस दिवसांच्या १२० होतात. पन्नास स्ट्रिप्सची डबी तेराव्या रोजाला संपते. कंपनीनुसार अशी डबी साधारण पाचशे ते हजार रुपयांना मिळते. म्हणजे महिन्याला बाराशे ते चोवीसशे रुपये, सुया वेगळ्या. यंत्रमागावर किंवा हातगाडीवर पोट असलेल्या घरात या रकमेत महिन्याचे धान्य येते. शिवाय एका कंपनीची स्ट्रिप दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालत नाही. मशीन स्वस्तात किंवा भेट म्हणून मिळते, पण पुढे कायम त्याच कंपनीची डबी घ्यावी लागते. गल्लीतल्या मेडिकलमध्ये ती संपलेली असेल तर घरातली मशीन बिनकामाची ठरते.

सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात, अनेक ठिकाणी इन्सुलिनही मिळते. मात्र घरी तपासण्यासाठी लागणाऱ्या स्ट्रिप्स सहसा मिळत नाहीत. तिथे स्ट्रिप असते ती समोर आलेल्या रुग्णाची तिथल्या तिथे तपासणी करण्यासाठी. केसपेपरवर गोळ्या लिहिल्या जातात, स्ट्रिप लिहिली जात नाही, आणि जे लिहिलेच नाही ते खिडकीवर मागता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांसाठी आहेत. खासगी मेडिक्लेमही बहुतेक वेळा भरती झाल्यावरच उपयोगी पडतो. शुगर उतरून बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या उपचारावर हजारो रुपये खर्च होतात. पण त्याला त्या अवस्थेपासून वाचवणारी पंधरा-वीस रुपयांची पट्टी कोणाच्याच खात्यात बसत नाही.

गोळ्यांची चिठ्ठीसुद्धा सहजासहजी पुढे सरकत नाही. औषध पंधरा दिवसांचे किंवा फार तर महिन्याचे मिळते. मग पुन्हा तीच रांग, तोच केसपेपर आणि त्याच गोळ्या. मधुमेहाच्या ओपीडीचा वार चुकला तर एक आठवडा गेला. रमजानमध्ये यात आणखी एक अडचण येते. नेहमीची तपासणी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी दोनदा होते. रोजेदाराने पहाटे सहेरी केलेली असते, त्यामुळे सकाळी नऊ वाजता तो पुरेसा उपाशी नसतो. जेवणानंतरचे रक्त द्यायचे तर जेवण इफ्तारला होते आणि तोवर ओपीडी बंद झालेली असते. ‘रिपोर्ट आणा, मग औषध लिहू’ असे सांगितले गेले की त्याच्याकडे उत्तर नसते. दवाखान्याचे घड्याळ आणि रमजानचे घड्याळ जुळत नाही, म्हणून या महिन्यात घरच्या मशीनचा आकडाच त्याचा खरा रिपोर्ट असतो.

जिथे स्ट्रिप्स डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, तिथेही सगळे सुरळीत आहे असे नाही. कोकणातून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुस्लिम कुटुंबांना तिथली पद्धत माहीत आहे. इंग्लंडमध्ये मधुमेहावर औषध घेणाऱ्याला चिठ्ठीवरील औषधांचे शुल्क माफ असते आणि गरज मान्य झाली तर स्ट्रिप्सही त्यात येतात. मात्र टाइप २ च्या प्रत्येक रुग्णाला त्या सरसकट द्यायच्या नाहीत, असे तिथले धोरण आहे. रमजानपुरत्या जास्त हव्या असतील तर रुग्णाने आधी डॉक्टरांकडे जाऊन कारण सांगायचे आणि चिठ्ठीवरची संख्या वाढवून घ्यायची. उशीर झाला तर अडचण तिथेही येतेच. पण मागण्यासाठी एक खिडकी तरी आहे आणि स्ट्रिप हा उपचाराचा भाग आहे, हे तत्त्व तिथे मान्य आहे.

आपल्याकडेही प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आयसीएमआरच्या पुढाकाराने विकसित झालेली देशी ग्लुकोमीटर २०१३ साली जाहीर झाली, तेव्हा एका स्ट्रिपची किंमत दोन ते चार रुपये राहील असे सांगण्यात आले होते. आज गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळतात त्या बहुतेक दहा-वीस रुपयांच्याच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्सवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हा दिलासा स्वागतार्ह आहे, पण ज्याला डबीच परवडत नाही त्याच्या दारापर्यंत तो पोहोचत नाही.

खरे तर मागणी फार मोठी नाही. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या केसपेपरवर औषधांबरोबर ‘स्ट्रिप्स, इतक्या’ अशी एक ओळ असावी. रोजे ठेवणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी आहे अशा वस्त्यांतील दवाखान्यांनी रमजानपूर्वीच त्यांची यादी करावी. या काळात गोळ्या एकदम महिनाभराच्या द्याव्यात आणि घरच्या मशीनच्या नोंदी रिपोर्ट म्हणून स्वीकाराव्यात. रुग्णांनीही रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे आणि किती वेळा तपासायचे ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे. यंदा ते राहून गेले असेल तर आजही उशीर झालेला नाही. स्ट्रिप्स मोजक्याच असतील तर कोणत्या वेळची तपासणी चुकवायची नाही, एवढे तरी विचारून घ्यावे. डबीचे झाकण घट्ट लावावे, कारण ओलाव्याने स्ट्रिप खराब होते आणि आकडा चुकतो. मुदत संपलेल्या स्ट्रिपवर विसंबून रोजा पुढे नेऊ नये. त्रास जाणवत असेल आणि हाताशी स्ट्रिप नसेल, तर आकड्याची वाट न पाहता रोजा सोडावा.

समाजालाही करण्यासारखे बरेच आहे. रमजानमध्ये जकात, सदका, फिदिया यांच्या रूपाने दानाचा ओघ सुरू असतो. मोहल्ल्यामोहल्ल्यांत इफ्तारची पाकिटे आणि फळे वाटली जातात, ते चालूच राहावे. त्याच यादीत मोहल्ल्यातील गरजू मधुमेहींसाठी स्ट्रिप्सच्या डब्या आल्या, तर तीही इबादतच ठरेल. त्यासाठी दानातील कोणती रक्कम वापरता येईल हे मशिदीतील उलेमांना विचारून घेता येते. देण्यापूर्वी मशीन कोणत्या कंपनीची आहे एवढे मात्र विचारावे. तरावीहनंतर मशिदीच्या आवारात मोहल्ल्यातील डॉक्टरांनी अर्धा तास बसून गोळ्यांच्या वेळा समजावल्या, तर ओपीडीच्या रांगेत न सुटलेले अनेक प्रश्न तिथे सुटतील.

आजारी माणसाला रुखसत अल्लाहने दिली आहे. ती नेमकी कोणत्या घडीला घ्यायची हे मधुमेहीला त्या छोट्याशा मशीनवरचा आकडा सांगतो. तो आकडा पाहण्याची ऐपत नसल्यामुळे कोणी अंदाजाने रोजा रेटत राहिला आणि इफ्तारच्या आधीच कोसळला, तर त्याचा दोष त्याच्या श्रद्धेवर टाकून कोणालाही मोकळे होता येणार नाही.