न दिसणाऱ्या श्रोत्यांची सभा

आषाढ शुद्ध एकादशीस भगवान श्रीविष्णू शयनस्थ होतात आणि चातुर्मासास प्रारंभ होतो. या चार महिन्यांत मंदिरामंदिरांतून पुराणे लावावयाची, कीर्तने करवावयाची, ही आपली जुनी परिपाठी. गेल्या काही वर्षांत या परिपाठीत एका नव्या साधनाची भर पडली आहे. सभामंडपातल्या खांबाला अथवा बुवांच्या ओसरीवर वेबकॅम नावाचा सुपारीएवढा कॅमेरा बसविला जातो, आणि येथे चाललेले कीर्तन त्याच वेळी दूरदूरच्या घरांतून दिसू लागते. इतकेच नव्हे, तर पडद्याच्या कडेला एक चौकट असते. तीत श्रोते आपले नमस्कार, शंका आणि अभिप्राय लिहीत असतात.

या श्रोत्यांना दोन घटका बसवून कसे ठेवावे आणि बोलते कसे करावे, असा प्रश्न मला तरुण कीर्तनकार मंडळी वारंवार विचारतात. सभेतला श्रोता उठून जायला संकोचतो. पडद्यापुढचा श्रोता बोटाच्या एका स्पर्शाने निघून जातो आणि त्याची पाठही आपल्याला दिसत नाही. तेव्हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र मला यंत्राच्या पुस्तकात सापडले नाही. ते आपल्या परंपरेत सापडले, आणि त्यातला शेवटचा धडा एका निरक्षर वृद्धेने दिला.

अष्टगंधाचा ठिपका

२०२० सालची आषाढी पंढरीच्या स्मरणातून जाणार नाही. मार्चपासून श्रीविठ्ठलमंदिराचे दार भाविकांसाठी बंद होते. संतांच्या पादुका त्या वर्षी वाहनातून आल्या, आणि १ जुलैच्या एकादशीस चंद्रभागेचे वाळवंट रिते होते. ज्या गावात त्या दिवशी पाऊल ठेवावयास जागा नसते, तेथे रस्त्यावर कावळ्यांचा आवाज ऐकू येत होता. घरात बसून राहवेना. तेव्हा नातवाने पाटावर पाट रचून त्यावर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाला, "आजोबा, करा सुरुवात."

नारदाच्या गादीवर चाळीस वर्षे उभा राहिलेला मी त्या रात्री गोंधळलो. समोर एकही चेहरा नव्हता. पडद्यावर माझीच मूर्ती दिसत होती आणि मी तिच्याकडेच पाहून निरूपण करीत होतो. परिणाम असा झाला की घरोघरच्या श्रोत्यांना बुवा मान खाली घालून बोलत आहेत असे दिसले. दुसऱ्या दिवशी नातवाने कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी अष्टगंधाचा एक ठिपका लावला. "येथे पांडुरंग उभा आहे असे समजा," इतकेच तो म्हणाला. दृष्टी त्या ठिपक्यावर स्थिरावली आणि श्रोत्यांचे अभिप्राय पालटले. "आता आमच्याशी बोलता आहात असे वाटते," असे कोणी लिहिले. श्रोत्याच्या डोळ्यांत पाहून बोलावे हा आमच्या गुरुजनांचा पहिलाच पाठ. भिंग हाच आता श्रोत्याचा डोळा आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे अर्धे कार्य झाले. उजेड मुखावर असावा, पाठीमागे नसावा, आणि ध्वनिग्राहक मुखाजवळ असावा, हेही ओघाने आलेच. चित्र अंधुक असले तर श्रोता सोसतो. शब्द तुटला तर उठतो.

प्रश्न नसता तर पुराण नसते

आपले पुराणवाङ्मय पाहा. नैमिषारण्यात शौनकादी ऋषी विचारतात म्हणून सूत सांगतो. परीक्षिती विचारतो म्हणून शुकाचार्यांची वाणी सात दिवस प्रवाहित होते. अर्जुनाच्या शंका वगळल्या तर गीतेचे अठरा अध्याय उभेच राहत नाहीत. समर्थांचा दासबोधही श्रोत्यांच्या पृच्छेनेच आरंभ पावतो. श्रोत्याचा प्रश्न म्हणजे कथेतला व्यत्यय नव्हे, तो कथेचा उगम आहे. पडद्याच्या कडेची ती चौकट पाहून नाक मुरडणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींनी हे विसरू नये.

तथापि शुकाचार्य प्रत्येक श्लोकागणिक थांबत नाहीत. प्रश्न येतो तो कथेच्या सांध्यावर. नारदीय कीर्तनाची रचनाच अशी आहे की तीत हा सांधा आयता मिळतो. नमन, पूर्वरंगातील निरूपण, मग मध्यंतरीचा नामाचा गजर आणि बुक्का, आणि त्यानंतर उत्तररंगातील आख्यान. मध्यंतर हेच संदेश वाचण्याचे स्थान. पूर्वरंगात जमलेल्या शंकांपैकी दोन-तीन तेथे घ्याव्यात, विचारणाऱ्याचे नाव आदराने उच्चारावे, आणि उत्तर देता देता आख्यानात शिरावे. जो श्रोता उशिरा आला असेल त्याच्यासाठी तेथेच दोन वाक्यांत पूर्वरंगाचा गोषवारा सांगावा. मंडपात उशिरा येणारा शेजाऱ्याला हळूच विचारून घेतो. पडद्यापुढे त्याला शेजारी नसतो.

प्रश्न श्रोत्यांनीच विचारावेत असेही नाही. प्रारंभी मी "कोठून ऐकता आहात?" एवढेच विचारीत असे. गावांची नावे येत आणि संवाद तेथेच थांबे. एके रात्री सहज विचारले, "आपल्या देव्हाऱ्यातला विठोबा घरी कोणी आणला?" आणि काय सांगावे! चौकट भरून वाहू लागली. कोणाच्या पणजीने वारीहून पदरात बांधून आणलेला, कोणाला वाटणीत शेताऐवजी मिळालेला, कोणी परदेशी जाताना आईने कपड्यांच्या घड्यांत ठेवलेला. इंदूरच्या एका गृहस्थाने लिहिलेल्या हकिकतीला फोंड्याच्या भगिनीने उत्तर दिले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. तेथील एक सून लिहिती झाली की आमचा विठोबा स्वयंपाकघरातल्या खिडकीत आहे. श्रोते माझ्याशी बोलता बोलता परस्परांशी बोलू लागले. मंडपात कीर्तन संपल्यावर पायऱ्यांवर जो मेळ जमतो, तोच हा. ज्याचे उत्तर प्रत्येक घरात आहे आणि केवळ त्याच घरात आहे, असा प्रश्न शोधावा. श्रोते बोलते करण्याचे याहून मोठे रहस्य मला ठाऊक नाही.

ध्रुपदाचा अवधी

या माध्यमाचा एक दोष नवख्यास फसवितो. आपण बोललेला शब्द श्रोत्याच्या घरी पोहोचण्यास काही क्षण लागतात, कधी कधी वीस-तीस सेकंदही. आपण नामाचा गजर करण्यास सांगतो आणि प्रतिसाद दिसत नाही. खिन्न होऊन आपण पुढच्या विषयाकडे वळतो, आणि तेव्हा चौकटीत "विठ्ठल, विठ्ठल" उमटू लागते. जणू टाळकरी एक आवर्तन मागे राहिले!

यावर उपाय आमच्या झोळीतच होता. प्रश्न विचारावा आणि लगेच अभंगाचे ध्रुपद दोनदा आळवावे. तेवढ्यात प्रश्न श्रोत्यापर्यंत जातो, तो विचार करतो, लिहितो, आणि ध्रुपदाच्या अखेरीस उत्तरे समोर उभी असतात. ध्रुपदाने श्रोत्याला विसावा मिळतो. आता ते वक्त्यालाही धीर देते.

चोपदाराचा दंड

माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांस आठवेल. सहस्रावधी टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सर्वत्र निःशब्दता पसरते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात; त्या दिंडीचे म्हणणे ऐकून घेतले जाते. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणाही तेथेच होते.

चौकटीसही असा चोपदार हवा. कीर्तनकाराने स्वतः संदेशांवर पहारा करू नये. विश्वासातली एक-दोन माणसे नेमावीत. त्यांनी अभद्र शब्द पुसावेत, भांडण लावणाऱ्यास दूर करावे, आजच्या अभंगाचा उल्लेख चौकटीच्या माथ्यावर स्थिर ठेवावा आणि निवडक प्रश्न कागदावर उतरवून बुवांपुढे सरकवावेत. मात्र जो टाळ तक्रारीने वाजतो आहे तो बंद पाडू नये. "आवाज येत नाही", "अर्थ कळला नाही", "बुवा, हे म्हणणे पटले नाही", असे लिहिणारा उपद्रवी नव्हे. त्याचे म्हणणे ऐकावे.

माझा प्रमाद

आता जे सांगावयाचे ते सांगताना संकोच होतो. त्या वर्षीच्या चातुर्मासात माझ्या कीर्तनास श्रोते वाढले आणि मला त्या चौकटीची चटक लागली. मध्यंतराची मर्यादा मी स्वतःच मोडली. निरूपणाच्या मध्यावर "अमुक यांचा नमस्कार, तमुक यांची वाहवा" असे वाचू लागलो. कोपऱ्यात श्रोत्यांची संख्या दिसते. तिच्याकडे दृष्टी जाऊ लागली. एके रात्री नामदेवरायांच्या नैवेद्याचे आख्यान चालू होते. संख्या भरपूर होती, पण कोणीच काही लिहीना. मला राग आला. आख्यान थांबवून मी म्हणालो, "जे लिहीत नाहीत ते निजले आहेत असे समजावयाचे का?"

दुसऱ्या दिवशी दूरध्वनी आला. कोणी एक सूनबाई बोलत होत्या. "सासूबाईंना तुमच्याशी बोलायचे आहे," असे म्हणून त्यांनी दूरध्वनी सासूबाईंच्या हाती दिला. थरथरत्या आवाजात त्या म्हणाल्या, "बुवा, मला अक्षर येत नाही. मी टाळ्या वाजवते. तुम्हांला तिकडे ऐकू येत नाहीत का हो?"

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच वाटत होते की आपण येथे वाजविलेली टाळी बुवांना तिकडे ऐकू जाते, आणि आदल्या रात्री प्रथमच त्यांच्या मनात शंका आली होती. मी काय उत्तर देणार? "येते, आई," एवढेच म्हणालो, आणि ते असत्य होते. चाळीस वर्षांत कोणत्याही पंडितसभेत मी इतका निरुत्तर झालो नव्हतो.

भरतमुनींची दोन मापे

त्या रात्री नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय पुन्हा काढून वाचला. प्रयोगाची सिद्धी कशी ओळखावी याचे विवेचन भरतमुनी तेथे करतात. एक सिद्धी मानुषी. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, "साधु", "अहो", हळहळ, गजर, अंगावर उठणारे रोमांच, भारावून उभे राहणे, वस्त्रे उधळणे, अशी तिची चिन्हे त्यांनी मोजून दिली आहेत. आजच्या चौकटीत उमटणारी चित्रे आणि उद्गार दुसरे काय आहेत? विघ्नेही त्यांनी सांगितली आहेत. वारा, पाऊस, अग्नी ही दैवी. नटाच्या प्रमादाची आत्मकृत. आणि मत्सरी लोक आरडाओरडा करतात, शेण व ढेकळे फेकतात, मुंग्या सोडतात, ती परकृत. चौकटीतल्या उपद्रव्यांचे इतके जुने वर्णन वाचून हसू आले.

परंतु दुसरी सिद्धी वाचताना हसू मावळले. रंगमंडप पूर्ण भरलेला आहे, तेथे शब्द नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही. अशा प्रयोगाच्या सिद्धीस मुनी दैविकी म्हणतात. नैवेद्याच्या आख्यानात त्या रात्री कोणी काही लिहीत नव्हते, कारण सारे ऐकत होते. दैवी सिद्धी दारी आली असता मी तिला निद्रा म्हणालो होतो.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांपाशी मागणे मागतात ते अवधानाचे. उत्तराचे, स्तुतीचे मागणे तेथे नाही. श्रोता लिहितो तेव्हा त्याचे अवधान आपल्याला दिसते. लिहीत नाही तेव्हाही ते असू शकते. संवाद साधावा, अवश्य साधावा, पण बोलणाऱ्यांच्या कौतुकात न बोलणारा श्रोता सभेबाहेर ढकलला जाऊ नये.

७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, मंदिरे पुन्हा उघडली आणि पुढे सभामंडपही भरू लागले. कॅमेरा मात्र मी ठेवला आहे. तो अष्टगंधाचा ठिपका रोज नव्याने लावतो. मध्यंतरी संदेश वाचतो, प्रश्नांची उत्तरे देतो. श्रोत्यांच्या संख्येवर नातवाने कागदाचा कपटा चिकटविला आहे. नामाचा गजर संपला की क्षणभर थांबतो. मंडपातल्या तरुणांना वाटते, बुवा दम घेत आहेत. त्या सासूबाई आज कोठे आहेत, कशा आहेत, हे मला ठाऊक नाही. पण मी कान देऊन थांबतो. कोठेतरी एखाद्या घरात, पडद्यापुढे, अक्षर न येणारे दोन हात जुळत असतील. त्यांची टाळी ऐकण्याची योग्यता या चातुर्मासात पांडुरंग आम्हां सर्व कीर्तनकारांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.