डोळ्याचं ऑपरेशन : दुसरं मत, विमा आणि पक्के बसलेले गैरसमज

डॉक्टरांनी "मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्या" असं सांगितलं की घरात दोन प्रश्न लगेच निघतात. आणखी कुणाला दाखवायचं का? आणि विम्यातून पैसे मिळतील का? उत्तरं मात्र बहुतेक वेळा शेजारून, नाहीतर व्हॉट्सॲपवरून येतात आणि त्यातली बरीचशी अर्धवट असतात. मोतीबिंदूच्या बहुतेक रुग्णांच्या हाताशी काही आठवडे असतात. ते विचारपूस करण्यात आणि कागद जमवण्यात घालवले तर पुढची ओढाताण टळते. डोळ्याच्या काही आजारांत मात्र तासातासाला नजर जात असते आणि तिथे दुसऱ्या मताची वाट पाहणंच घातक ठरतं. हा फरक आधी कळायला हवा.

"दुसरीकडे दाखवलं तर आपले डॉक्टर दुखावतील"

हा संकोच आपल्याकडे फार खोल आहे. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे जातो, त्यांना न सांगता दुसरीकडे जाणं विश्वासघातासारखं वाटतं. पण दुसरं मत हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत १७ हक्क आहेत आणि त्यांत दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क स्वच्छ शब्दांत नोंदवलेला आहे. आपल्या कागदपत्रांचंही तसंच. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. तेव्हा चोरून जायचं काही कारण नाही. "डॉक्टर, आईच्या तपासण्यांच्या प्रती मिळतील का? एकदा दुसऱ्यांनाही दाखवून घेतो, म्हणजे आमच्या मनाला खात्री वाटेल," एवढं सरळ बोलावं. चांगल्या डॉक्टरांना यात काही वावगं वाटत नाही. त्यांच्याकडेही दुसऱ्यांचे रुग्ण मत विचारायला येतच असतात.

प्रती मागायच्या त्या नुसत्या औषधाच्या चिठ्ठीच्या नव्हेत. मोतीबिंदू असेल तर बायोमेट्रीचा कागद, म्हणजे डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलवा मोजून आत बसवायच्या लेन्सची पॉवर ज्यावर काढलेली असते तो. मधुमेह असेल तर डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) ओसीटी, म्हणजे त्याच्या थरांचं स्कॅन, आणि फोटो. काचबिंदूची शंका असेल तर डोळ्यांच्या दाबाच्या आतापर्यंतच्या नोंदी, फील्ड टेस्टचे जुने-नवे कागद आणि बुबुळाची जाडी. जाडी कशासाठी? बुबुळ जाड असेल तर यंत्रावर दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. एका दिवशीच्या एका आकड्यावरून "तुम्हाला काचबिंदू आहे" असं ठरत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी शीर कशी आहे आणि नजरेचं क्षेत्र किती उरलंय, हेही जुळावं लागतं.

तपासणीला जाताना सोबत कुणीतरी असावं, कारण बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं आणि गाडी चालवता येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर किती दिवस आधी काढून ठेवायच्या हे फोनवर विचारून घ्या. या लेन्सनी बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मोजमाप चुकतं.

आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचं काय? "ऑपरेशन करायचं की नाही" एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच येतं. त्यापेक्षा असं विचारावं : माझी नजर जितकी कमी झाली आहे, ती सगळी मोतीबिंदूमुळेच का? माझ्या मते दुसऱ्या मताचा खरा उपयोग इथे आहे. मधुमेहाने पडद्याला सूज असेल किंवा काचबिंदूने शीर खराब झाली असेल, तर मोतीबिंदू कितीही छान काढला तरी अपेक्षेइतकं दिसणार नाही. हे आधी कळलं तर उपचाराचा क्रम बदलता येतो. नंतर कळलं तर "ऑपरेशन बिघडलं" असा समज होऊन बसतो.

दोन मतं वेगळी आली म्हणून घाबरायचं नाही. बहुतेक वेळा मतभेद निदानाबद्दल नसतो. तो कधी करायचं आणि कोणती लेन्स बसवायची, याबद्दल असतो. निदानातच फरक असेल तर मुंबईचं जे.जे., पुण्याचं ससून, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अशा शिकवणाऱ्या रुग्णालयांच्या नेत्रविभागात जाता येतं. चष्म्याच्या दुकानातली तपासणी नंबरापुरती ठीक असते, पण तिला दुसरं मत म्हणता येत नाही.

"मोतीबिंदू पिकल्यावरच काढतात"

एके काळी हे खरं होतं. मोठा छेद घेऊन, टाके घालून ऑपरेशन व्हायचं तेव्हा भिंग कडक होईपर्यंत थांबत. डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली फेको पद्धत आणली. तिच्यात दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंड लहरींनी भिंग फोडून ओढून घेतात. भिंग जितकं कडक, तितकी जास्त शक्ती वापरावी लागते आणि बुबुळाच्या आतल्या थराला इजा व्हायची शक्यता वाढते. म्हणजे 'पिकू द्या' हा सल्ला आता उलटा पडतो. पण दिसलं की लगेच काढा, असंही नाही. वाचन, स्वयंपाक, रात्रीचं वाहन चालवणं, जिना उतरणं यांत अडचण येऊ लागली की ती वेळ. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब किंवा गोळ्या अस्तित्वात नाहीत. कुणी विकत असेल तर घेऊ नका.

लेन्सबद्दल एक सांगायला हवं. महागडी मल्टिफोकल (जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारी) लेन्स म्हणजे चांगली लेन्स, असं समीकरण झालं आहे. तिने चष्म्यावरचं अवलंबित्व कमी होतं हे खरं, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं हा तिचा माहीत असलेला तोटा आहे. पडदा किंवा शीर आधीच खराब असेल तर ती सहसा बसवत नाहीत. साधी मोनोफोकल लेन्स आणि वाचायला चष्मा, ही कमी दर्जाची निवड नव्हे.

"डोळ्याचं काय, दोन दिवस थांबलं तरी चालतं"

मोतीबिंदूत चालतं. पण डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणं, एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखं वाटणं, ही पडदा सुटण्याची लक्षणं आहेत. पडद्याचा मधला भाग सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. डोळा लाल, प्रचंड दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलय आणि उलट्या, हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. अशा उलट्यांवर पित्ताच्या गोळ्या घेत घरी थांबलेल्या माणसाची नजर जाऊ शकते. ऑपरेशननंतरच्या दिवसांत डोळा दुखू लागला आणि दिसणं कमी होत गेलं, तर आत जंतुसंसर्ग झाला असण्याची भीती असते. यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी, मिळतील त्या नेत्रतज्ज्ञांकडे जा. दुसरं मत, कॅशलेस, नेटवर्क हॉस्पिटल हे सगळं मागाहून.

"रात्रभर ॲडमिट नाही, म्हणजे क्लेम नाही"

विम्याकडे वळू. मोतीबिंदूचं ऑपरेशन 'डे केअर' उपचारांत मोडतं. भूल देऊन चोवीस तासांच्या आत होणाऱ्या आणि पूर्वी ज्यासाठी दाखल व्हावं लागे अशा उपचारांना विमा लागू होतो. छोट्या नेत्ररुग्णालयांत क्लेम बसत नाही, असाही एक गैरसमज आहे. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात 'हॉस्पिटल' म्हणून किमान १५ खाटा आणि इतरत्र १० खाटा लागतात, हे खरं. पण डे केअर केंद्राच्या व्याख्येत खाटांची अट नाही. पात्र डॉक्टर आणि परिचारिका, सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि रोजच्या नोंदी असल्या की पुरतं.

"पाच लाखांची पॉलिसी आहे, सगळं बिल निघेल"

सर्वांत जास्त मनस्ताप इथे होतो. अनेक पॉलिसींत मोतीबिंदूला वेगळी मर्यादा असते. 'आरोग्य संजीवनी' ही विमा नियामकाने ठरवून दिलेली प्रमाणित पॉलिसी उदाहरण म्हणून पाहू. तिच्यात एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. शिवाय मंजूर रकमेतले ५ टक्के आपण भरायचे. समजा, एका डोळ्याचं बिल ६५,००० झालं आणि विमा पाच लाखांचा आहे. पाच लाखांचे २५ टक्के सव्वा लाख होतात, पण मर्यादा ४०,००० ची. त्यातून ५ टक्के गेले की हातात ३८,००० येतात आणि २७,००० खिशातून जातात. हा हिशेब ऑपरेशन टेबलावर जायच्या आधी मांडायचा असतो. मल्टिफोकल किंवा टोरिक (सिलिंडरचा नंबर घालवणाऱ्या) लेन्सच्या जादा किमतीबद्दल तर कंपनीला लेखी विचारा.

दुसरी मेख प्रतीक्षाकाळाची. आरोग्य संजीवनीत मोतीबिंदूला पॉलिसी घेतल्यापासून २४ महिने थांबावं लागतं. २०२४ पासून असा ठरावीक आजारांचा आणि आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ कुठल्याही पॉलिसीत ३६ महिन्यांपेक्षा जास्त असता येत नाही. मुदतीला थोडे महिने उरले असतील आणि दुसरे डॉक्टरही "थांबायला हरकत नाही" म्हणत असतील, तर थांबणं शहाणपणाचं. नजरेला धोका असेल तर मात्र पैशासाठी थांबू नका. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूचं ऑपरेशन लेन्ससकट मोफत होतं. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेचं कार्ड मिळू लागलं आहे.

"लेसिक विम्यातून होतं"

चष्म्याचा नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर तो लेसिकसारख्या लेसर ऑपरेशनने घालवण्याचा खर्च विम्यातून वगळलेला असतो. प्रमाणित अपवादांच्या यादीत हे कलमच आहे. त्याहून मोठा नंबर असला की आपोआप पैसे मिळतात असंही नाही, पॉलिसीतले शब्द पाहावे लागतात. लेसिकला दुसरं मत जरूर घ्या. बुबुळ पातळ किंवा आकाराने वेडंवाकडं असेल, किंवा नंबर अजून बदलत असेल, तर ते करायचंच नसतं.

"डोळ्यात इंजेक्शन म्हणजे ओपीडी, त्याला विमा नाही"

मधुमेहाने पडद्याला सूज आली की डोळ्याच्या आत इंजेक्शनं देतात, तीही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. विमा नियामकाच्या आधुनिक उपचारपद्धतींच्या यादीत ही इंजेक्शनं आहेत, त्यामुळे कंपनीला ती सरसकट वगळता येत नाहीत. मर्यादा मात्र घालता येते. आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे.

दुसऱ्या मताची फी एरवी ओपीडीचा खर्च म्हणून बाहेर राहते. पण ती तपासणी ज्या आजारासाठी होती त्याचंच ऑपरेशन झालं आणि क्लेम मंजूर झाला, तर दाखल होण्याआधीच्या खर्चात ती मागता येते. आरोग्य संजीवनीत हा काळ आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस असा आहे. म्हणून दोन्ही डॉक्टरांच्या पावत्या आणि चिठ्ठ्या तारखेसकट जपा. लेन्सच्या डबीवरचा स्टिकरही जपा. त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर आणि क्रमांक असतो. क्लेमला तो मागतात आणि पुढे कधी लेन्सबद्दल प्रश्न निघाला तर डॉक्टरांनाही तोच लागतो.

"क्लेम नाकारला, आता काय करणार"

विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. दाव्यांचा आढावा घेणाऱ्या समितीच्या मान्यतेशिवाय क्लेम नाकारता येत नाही आणि नकार द्यायचा तर पॉलिसीच्या कुठल्या अटीवरून, ते सांगावं लागतं. फोनवरचं "बसत नाही साहेब" हे उत्तर धरू नका, पत्र मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि सोबत दुसऱ्या डॉक्टरांचं मत जोडा. 'ऑपरेशनची गरज नव्हती' असं कारण दिलेलं असेल तर याच कागदाचा आधार होतो. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात. कंपनीचा नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायला हवा.